प्रोमीथियस : नांवाचा उगम आणि नांवाचा अर्थ

परकीय पुराणांतील नांवांशीं आपला परिचय बहुधा उलट्या वाटेनें होतो. राम, हनुमान, सावित्री हीं नांवें आपण कथेबरोबर ऐकतों, आणि कथा घरांतील वडील माणसांच्या तोंडून येते. उलट ग्रीक देवतांचीं नांवें आपल्याला प्रथम भेटतात तीं इंग्रजी कवितेच्या तळटीपेंत. प्रोमीथियस हें असेंच एक नांव. टीपेंत एवढें सांगितलेलें असतें कीं, यानें स्वर्गांतील अग्नि चोरून मानवाला दिला, त्याबद्दल देवाधिपति झ्यूसनें त्याला कड्याला जखडलें, आणि एक गरुड रोज येऊन त्याचें यकृत खाऊं लागला. तेवढ्यावर वाचकाचें समाधान होतें, आणि प्रोमीथियस म्हणजे बंडखोर अशी खूणगांठ त्याच्या मनांत कायमची बसते. परंतु ग्रीक श्रोत्याला या नांवांत बंड ऐकूं येत नव्हतें. त्याला ऐकूं येत होती ती दूरदृष्टि. हा फरक लहान नाहीं. या नांवाचा अर्थ विसरला गेल्यामुळें जगांतील एका श्रेष्ठ नाटकाचें मर्म आपल्या हातून निसटतें, असें मला वाटतें. आणि म्हणून या नांवाचा थोडा सविस्तर विचार करण्याचें योजिलें आहे.

विषयाला हात घालण्यापूर्वीं एक भेद स्पष्ट केला पाहिजे. कोणत्याहि प्राचीन नांवाविषयीं दोन प्रश्न विचारतां येतात. हें नांव मुळांत कोणत्या धातूपासून निघालें, हा एक. आणि ज्यांनीं तें पिढ्यान्‌पिढ्या उच्चारलें त्यांना त्यांत काय अर्थ दिसला, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर भाषाशास्त्रानें द्यावयाचें, दुसऱ्याचें काव्यानें. आपल्या जुन्या परिभाषेचा थोडा स्वतंत्र उपयोग करून पहिल्याला व्युत्पत्ति आणि दुसऱ्याला निरुक्ति म्हणूं. व्युत्पत्ति ही नांवाची जन्मपत्रिका. निरुक्ति हें नांवाचें चरित्र. जन्मपत्रिकेवरून चरित्र लिहूं पाहणारा आणि चरित्रावरून जन्मवेळ ठरवूं पाहणारा, दोघेहि सारखेच फसतात. प्रोमीथियसच्या बाबतींत विद्वानांकडून आणि रसिकांकडून या दोन्ही चुका झालेल्या आहेत.

प्रथम कथा पाहूं. ती आपल्याला उपलब्ध होते ती इ. स. पूर्वीं ७०० च्या सुमारास होऊन गेलेल्या हेसिऑड या कवीच्या दोन काव्यांत. तेथला प्रोमीथियस हुतात्मा नाहीं. तो एक धूर्त, बेरकी देव आहे. देव आणि मानव यांच्यांत बलीच्या मांसाची वांटणी ठरत असतां त्यानें एका बाजूला चांगलें मांस बैलाच्या ओंगळ पोटांत दडवून ठेवलें, आणि दुसऱ्या बाजूला नुसत्या हाडांवर पांढऱ्या शुभ्र चरबीचें आच्छादन घालून झ्यूसला निवड करण्यास सांगितलें. झ्यूसनें चरबी निवडली. कपट आपण ओळखलें होतें असें कवि त्याच्या वतीनें सांगतो. पण राग आलाच, आणि त्या रागानें त्यानें मानवापासून अग्नि हिरावून घेतला. तेव्हां प्रोमीथियसनें तो पुन्हां चोरला, आणि नार्थेक्स नांवाच्या, बडिशेपेच्या कुळांतील एका उंच वनस्पतीच्या पोकळ दांड्यांत लपवून खालीं आणला. या दांड्याचा गाभा आंतल्या आंत हळूहळू धुमसत राहतो व बाहेरून कांहीं कळत नाहीं. तेव्हां कल्पना कवीची असली तरी युक्ति व्यवहारांतली आहे. यावर झ्यूसनें जो सूड घेतला तो दुहेरी होता. प्रोमीथियसला बंधन, आणि मानवाला पँडोरा. देवांनीं नटवून पाठविलेली ही पहिली स्त्री प्रोमीथियसच्या भावानें घरांत घेतली. झ्यूसकडून आलेली कोणतीहि भेट स्वीकारूं नकोस, असें भावानें त्याला बजावून ठेवलें होतें. पण तें त्याला आठवलें तें भेट स्वीकारल्यावर.

या भावाचें नांव एपिमीथियस, आणि येथेंच आपल्या विषयाचें पहिलें बळकट प्रमाण हातीं येतें. ग्रीक भाषेंत 'प्रो' म्हणजे आधीं (आपल्या 'प्र' या उपसर्गाचाच तो सख्खा भाऊ), आणि 'एपि' म्हणजे नंतर, वर. एक आधीं विचार करणारा, दुसरा मागाहून विचार करणारा. ही जोडी तेव्हांच जमूं शकते, जेव्हां पहिल्या नांवांतील 'प्रो' चा अर्थ 'आधीं' असाच सर्वांना भासत असतो. म्हणजे हेसिऑडच्या काळींच हें नांव दूरदर्शी या अर्थानें रूढ झालेलें होतें. पुढील ग्रीक भाषेंत 'प्रोमेथेस' म्हणजे सावध, पुढचें पाहणारा, आणि 'प्रोमेथेइआ' म्हणजे दूरदृष्टि, असे शब्दहि सर्रास आढळतात. यांचा संबंध 'मान्थानो', म्हणजे 'मी शिकतों', या क्रियापदाशीं लावण्यांत येतो. ज्यापासून पुढें 'मॅथेमॅटिक्स' हा शब्द निघाला, तेंच हें क्रियापद. पाचव्या शतकांतील पिंडार कवीनें तर या नांवांवर एक सुंदर कोटि केली आहे : सबब ही उशिरा शुद्धीवर येणाऱ्या एपिमीथियसची मुलगी होय, असें तो म्हणतो. बुद्धि मागाहून येते, आणि तिच्या पोटीं सबब जन्मते. यापेक्षां नेमकी वंशावळ कोणत्याहि पुराणांत सांपडणें कठीण.

आपल्या वाचकांना ही नामकरणाची तऱ्हा अपरिचित नाहीं. पंचतंत्रांतील तीन मासे आठवावे : अनागतविधाता, प्रत्युत्पन्नमति आणि यद्भविष्य. संकट येण्यापूर्वींच उपाय योजणारा, आलें असतां तत्काळ उपाय सुचणारा, आणि होईल तें होवो म्हणून स्वस्थ बसणारा. येथें नांव हाच स्वभाव आहे, आणि नांव ऐकतांच कोण वांचणार व कोण कोळ्याच्या जाळ्यांत सांपडणार हें ऐकणाऱ्या मुलालाहि कळतें. प्रोमीथियस हा ग्रीकांचा अनागतविधाता. परंतु या साम्यांत एक विलक्षण विरोध लपलेला आहे. पंचतंत्रांतला अनागतविधाता संकट ओळखून वेळींच तळें सोडतो आणि सुखरूप राहतो. ग्रीकांचा दूरदर्शी मात्र साखळदंडांत सांपडतो. ज्याचें नांवच पूर्वविचार, त्याला आपल्या पायांपुढची खाई कशी दिसली नाहीं? हा प्रश्न त्या नांवानेंच उभा केला आहे. त्याचें उत्तर कोणीं दिलें, हें पुढें पाहूं. तत्पूर्वीं व्युत्पत्तीचा वाद उरकला पाहिजे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास युरोपांत तौलनिक भाषाशास्त्राचा मोठा उत्साह होता. संस्कृत, ग्रीक, लॅटिन या एकाच कुळांतील भाषा आहेत हें सिद्ध झालें होतें. मग त्यांच्या पुराणकथाहि एकाच घरांतील कां नसाव्या, असें विद्वानांना वाटूं लागलें. मॅक्समुल्लरचा तौलनिक पुराणविद्येवरील प्रसिद्ध निबंध १८५६ चा. त्यानंतर तीनच वर्षांनीं, १८५९ मध्यें, आडाल्बेर्ट कून या जर्मन पंडितानें अग्नि आणि देवांचें पेय यांच्या अवतरणावर एक ग्रंथ लिहिला. त्यांत त्यानें असें प्रतिपादन केलें कीं, प्रोमीथियस हें नांव आपल्या 'प्रमंथ' या शब्दाशीं संबद्ध आहे. प्रमंथ म्हणजे अरणींतून अग्नि काढतांना घुसळावयाचें काष्ठ. अश्वत्थाची अरणि, तिच्यावर उभा मंथा, दोरीनें फिरवून पाडलेली ठिणगी. हें दृश्य यज्ञकर्मांत आपल्याकडे जिवंत राहिलें, आणि ग्रीकांनीं मात्र काष्ठाचा देव केला व मूळ अर्थ विसरून त्याला दूरदर्शी ठरविलें, असा या मताचा इत्यर्थ.

ही उपपत्ति आपल्या कानाला गोड लागते यांत नवल नाहीं. ग्रीकांच्या एवढ्या थोर नांवाची किल्ली आपल्या अग्निशाळेंत पडलेली असावी, ही कल्पनाच सुखावह आहे. परंतु जी गोष्ट आपल्याला सुखावते तिची परीक्षा अधिक कठोरपणें करावी, हा विद्येचा पहिला नियम होय. आणि त्या परीक्षेंत प्रमंथ टिकत नाहीं. पहिली गोष्ट, वेदसंहितांत अग्निमंथनाच्या काष्ठांना अरणि म्हटलें आहे. प्रमंथ हा त्या अर्थानें उत्तरकालीन कर्मग्रंथांतला शब्द आहे. ग्रीक आणि संस्कृत एकमेकांपासून वेगळ्या झाल्या त्या काळापर्यंत त्याला मागें नेण्यास आधार नाहीं. दुसरी गोष्ट वर्णांची. ग्रीक 'थ' च्या जागीं संस्कृतांत 'ध' यावयास हवा. आपला धूम तो त्यांचा थूमॉस, आपलें मधु तें त्यांचें मेथू. उलट आपल्या 'थ' च्या जागीं ग्रीकांत सामान्यतः 'त' सांपडतो. पृथु या शब्दाचा ग्रीक जोडीदार प्लातुस आहे. तेव्हां मंथ आणि मेथ यांतला 'थ' डोळ्यांना एक दिसला तरी कुळानें एक नाहीं. तिसरी गोष्ट, आणि साहित्याच्या दृष्टीनें हीच अधिक महत्त्वाची, ही कीं हेसिऑडच्या कथेंत मंथन कोठेंच नाहीं. तेथें अग्नि उत्पन्न केला जात नाहीं. असलेला अग्नि दडवून आणला जातो. अग्नि काढण्याच्या काष्ठांचा शोध पुढें डायोडोरसनें प्रोमीथियसच्या नांवावर मांडला आहे खरा. पण हर्मीसच्या प्राचीन स्तोत्रांत तोच मान हर्मीसला दिला आहे. नुसत्या काष्ठानें नांव सिद्ध होत नाहीं.

शिवाय अग्निचोराची कथा ही आर्यभाषी लोकांची मिरास नव्हे. पॉलिनेशियांतील माउई या वीराविषयीं अशीच अग्नि मिळविल्याची गोष्ट सांगतात, आणि त्या लोकांच्या भाषेचा संस्कृताशीं कांहीं संबंध नाहीं. फ्रेझरनें १९३० मध्यें अग्नीच्या उत्पत्तिकथांचा जो संग्रह प्रसिद्ध केला, त्यांत पृथ्वीच्या पाठीवरील किती दूरदूरच्या समाजांनीं ही कथा आपापल्या परीनें रचली आहे हें दिसून येतें. अग्नि ही वस्तु जेथें जेथें दुर्मिळ आणि प्रिय, तेथें तेथें ती कोणीं तरी कोणापासून तरी चोरली असली पाहिजे, असें मानवाला वाटतें. कथेच्या साम्यावरून नांवाचें नातें ठरत नाहीं.

येथवर वाद संपला असता. परंतु १९६० मध्यें योहाना नार्टेन या जर्मन विदुषीनें वैदिक 'मथ्' धातूचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि प्रश्नाला निराळेंच वळण मिळालें. तिचें म्हणणें असें कीं, 'मंथ्' म्हणजे घुसळणें आणि 'मथ्' म्हणजे हिरावून नेणें, हे मुळांत दोन स्वतंत्र धातु असून मागाहून ते एकमेकांत मिसळले. याचें प्रमाण ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलांतील त्र्याण्णवाव्या सूक्तांत चांगलें दिसतें. त्यांत अग्नि आणि सोम यांची एकत्र स्तुति आहे. सहाव्या ऋचेंत सांगितलें आहे कीं, या दोघांपैकीं एकाला मातरिश्व्यानें द्युलोकांतून आणिलें आणि दुसऱ्याला श्येनानें पर्वतावरून. आणि या दुसऱ्या कृतीला क्रियापद योजिलें आहे तें मथ् धातूचें. आतां ससाणा डोंगरावर बसून सोम घुसळीत नाहीं. तो झडप घालतो आणि घेऊन जातो. अर्थ हिरावण्याचाच घ्यावा लागतो. गीतेच्या वाचकाला याचें आश्चर्य वाटूं नये. दुसऱ्या अध्यायांत इंद्रियांना आणि सहाव्यांत मनाला 'प्रमाथी' म्हटलें आहे, तें घुसळणारीं म्हणून नव्हे, तर बळानें ओढून नेणारीं म्हणून, असाच अर्थ तेथें अधिक जुळतो. साठ संवत्सरांतील तेराव्याचें नांवहि प्रमाथी आहे, आणि पंचांग उघडणाऱ्याला तें ठाऊक असतें.

हें नवें साम्य कूनच्या साम्यापेक्षां पुष्कळ मोहक आहे. येथें काष्ठ नाहीं, मंथन नाहीं. ज्यानें चोरी केली त्याच्या नांवांतच चोरी आहे. प्रमाथी म्हणजे हर्ता, आणि प्रोमीथियस म्हणजेहि हर्ता. नंतर ग्रीकांना तो धातु उमगेनासा झाला आणि त्यांनीं आपल्या ओळखीच्या 'शिकणें' या धातूशीं त्याची सांगड घातली. अर्वाचीन भाषाशास्त्रज्ञांपैकीं कित्येकांना हें पटलें आहे. नांवाचें डोरिक बोलींतील 'प्रोमाथेउस' हें दीर्घ आकाराचें रूप पाहिलें म्हणजे तर प्रमाथी शब्द अगदीं शेजारीं येऊन उभा राहतो. तथापि 'थ' ची अडचण येथेंहि तशीच उभी आहे, आणि ती ज्यांना दुर्लंघ्य वाटते ते विद्वान् दूरदर्शी हाच मूळ अर्थ मानतात. दोन्ही पारड्यांत वजन आहे. माझ्या मतें, हर्ता या व्युत्पत्तीला संभाव्यतेच्या पलीकडे नेण्याजोगा पुरावा अद्याप पुढें आलेला नाहीं. कथेचें साम्य मोठें आहे, पण वर्णांचे नियम कथेकडे पाहून शिथिल करतां येत नाहींत.

आणि समजा, हर्ता हाच मूळ अर्थ ठरला. म्हणून काय ग्रीकांचा अर्थ खोटा झाला? येथें व्युत्पत्ति आणि निरुक्ति यांतला भेद कामास येतो. एक घरचें उदाहरण घेऊं. मुंबईच्या 'बॉम्बे' या रूपांत पोर्तुगीजांचा 'चांगला उपसागर' आहे, असें सांगणारे लोक पुष्कळ होते. पोर्तुगीज भाषेंत उपसागर हा शब्द स्त्रीलिंगी आहे आणि त्यामागें विशेषणाचें 'बॉम' हें पुल्लिंगी रूप येऊं शकत नाहीं, एवढी एक गोष्ट ती व्युत्पत्ति मोडण्यास पुरेशी आहे. मुंबई ही मुंबादेवीचीच. पण या खोट्या व्युत्पत्तीनें मुंबईच्या जीवनांत कांहीं बदललें नाहीं, तिच्यावर कोणी काव्य रचलें नाहीं. ती मेली तरी हळहळ नाहीं. प्रोमीथियसच्या दूरदृष्टीचें तसें नाहीं. तो अर्थ व्याकरणदृष्ट्या खरा असो वा खोटा, त्याच्यावर एका प्रजेनें आपलें चिंतन उभारलें.

आपले यास्काचार्य या बाबतींत मोठे मार्गदर्शक आहेत. अग्नि या शब्दाचीं ते एकामागून एक निर्वचनें देतात. तो अग्रणी आहे म्हणून अग्नि, हें त्यांतलेंच एक. मातरिश्वा म्हणजे मातेच्या ठायीं, अंतरिक्षांत, श्वास घेणारा, असें ते सांगतात. आजचा भाषाशास्त्रज्ञ यावर हंसेल. पण यास्क त्या नांवाचा जन्म सांगत नसून मंत्र म्हणणाऱ्याला त्यांत काय दिसावें हें सांगत आहे, असें समजून वाचलें म्हणजे त्याचा प्रत्येक अर्थ सार्थ वाटतो. प्लेटोच्या 'क्रॅटिलस' संवादांत देवतांच्या नांवांची जी चिकित्सा आहे तीहि अर्धी थट्टेची, अर्धी गंभीर, अशीच आहे. आणि ज्याला ग्रीक व वैदिक यांचें खरें साम्य पाहावयाचें असेल त्यानें प्रमंथाच्या मागें न लागतां ऋग्वेदाचें पहिल्याच मंडलांतलें एकतिसावें सूक्त वाचावें. त्यांत ऋषि अग्नीला 'प्रमति' म्हणतो, आणि त्याच दमांत पिता म्हणतो. प्रमति म्हणजे पुढचें पाहणारी, काळजी वाहणारी बुद्धि. हा शब्द मन् धातूचा. प्रोमीथियसशीं त्याचें शाब्दिक नातें सांगण्याचें कारण नाहीं. पण अग्नि आणि पूर्वचिंता हीं दोन एकत्र नांदतात, हें दोन दूरच्या कवींना सारखेंच सुचलें. नांवांच्या नात्यापेक्षां विचारांचें हें नातें मला अधिक मोलाचें वाटतें.

आतां मघांच्या प्रश्नाकडे वळूं. दूरदर्शी बंधनांत कसा सांपडला? हेसिऑडच्या मनांत हा प्रश्न फारसा उठत नाहीं. त्याच्या मतें झ्यूसपेक्षां कोणीहि शहाणा असूं शकत नाहीं, एवढें उत्तर पुरे. प्रश्न खरा धसास लावला तो 'प्रोमीथियस बंधनांत' या नाटकानें. परंपरेनें हें नाटक एस्किलसचें. त्याच्या कर्तृत्वाबद्दल अर्वाचीन काळीं शंका घेण्यांत आल्या आहेत. मार्क ग्रिफिथचा या विषयावरील १९७७ चा ग्रंथ प्रसिद्ध आहे. कर्ता कोणीहि असो, या नांवावर इतकें सखोल भाष्य दुसऱ्या कोणीं केलेलें नाहीं.

नाटकाच्या आरंभींच नांवाची परीक्षा सुरू होते. झ्यूसचे दोन चाकर, सत्ता आणि बळ, प्रोमीथियसला सिथियाच्या निर्जन कड्यावर आणतात. दैवी लोहार हेफीस्टस, मनांत कळवळत, त्याला खिळे ठोकतो. काम पुरें होतांच सत्ता त्याला टोमणा मारते. देवांनीं तुला दिलेलें नांव खोटें आहे, असें तिचें म्हणणें. या जाळ्यांतून सुटावयाचें तर आतां तुलाच कोणी दूरदर्शी शोधावा लागेल. प्रेक्षकांच्या मनांतली शंका कवीनें सर्वांत क्रूर पात्राच्या तोंडीं घातली आहे, आणि पुढचें सारें नाटक म्हणजे त्या टोमण्याला दिलेलें उत्तर आहे. दूत निघून जातात, आणि इतका वेळ मूक राहिलेला प्रोमीथियस बोलूं लागतो. येणारें सर्व मला आधींच ठाऊक होतें, असें तो सांगतो. पुढें सागरकन्यांच्या समूहापाशीं तो कबूल करतो कीं, अपराध मीं जाणून बुजून केला. मात्र अशा उजाड कड्यावर असें झिजावें लागेल, हें वाटलें नव्हतें. टीकाकारांना येथें विसंगति दिसते. मला तर यांत कवीची मनुष्यस्वभावाची जाण दिसते. दुःख येणार हें कळणें निराळें आणि दुःख म्हणजे काय हें कळणें निराळें. बुद्धीला जें आधीं दिसतें तें अंगाला भोगतांनाच समजतें. दूरदर्शीलाहि एपिमीथियसचा वांटा चुकत नाहीं.

परंतु या नाटकांतील खरा गाभा याहून पुढें आहे. मानवासाठीं काय केलेंस, असें सागरकन्या विचारतात. अग्नीचा उल्लेख प्रथम येईल अशी आपली अपेक्षा. तो येतो दुसऱ्यानें. पहिल्यानें प्रोमीथियस सांगतो तें हें कीं, मर्त्यांना आपला मृत्यु आधीं दिसत असे, तें दिसणें मीं थांबविलें. त्यांच्या हृदयांत मीं आंधळ्या आशा वसविल्या. येथें क्षणभर थांबून नांव आठवावें. ज्याचें नांव पूर्वदृष्टि, त्याचें मानवाला पहिलें दान म्हणजे पूर्वदृष्टीपासून सुटका! जें आपल्याजवळ आहे तें किती भारी आहे हें त्यालाच ठाऊक. म्हणून तें त्यानें मानवाच्या खांद्यावरून उतरविलें आणि मगच त्याच्या हातांत अग्नि दिला. मरणाचा दिवस डोळ्यांपुढें टांगलेला असतां कोणी शेत नांगरणार नाहीं, घर बांधणार नाहीं, अक्षरें शिकणार नाहीं. पुढें तो ज्या विद्यांची यादी सांगतो, अंक, लिपि, बैलांना जूं, शिडाचीं जहाजें, औषधें, शकुन, त्या सर्वांच्या बुडाशीं ही आंधळी आशा आहे.

पंचतंत्रांतल्या माशाशीं तुलना आतां पुरी करतां येते. अनागतविधात्याची दूरदृष्टि स्वतःसाठीं होती, म्हणून ती पळून जाण्यांत सफळ झाली. आणि नीतिशास्त्राच्या दृष्टीनें तें योग्यच आहे. प्रोमीथियसची दूरदृष्टि दुसऱ्यांसाठीं होती, म्हणून ती तेथेंच थांबण्यांत सफळ झाली. ग्रीक 'प्रोमेथेइआ' या शब्दांत पुढचें पाहण्याबरोबर दुसऱ्याची काळजी वाहण्याचाहि अर्थ आहे, आणि नाटककारानें नांवाचा हाच अर्धा भाग उजळून दाखविला. सत्तेच्या टोमण्याला हें उत्तर आहे. नांव खोटें नव्हतें. सत्तेला त्याचा अर्थ कळला नव्हता. नाटकाच्या शेवटीं झ्यूसच्या भवितव्याचें एक गुपित प्रोमीथियसजवळ आहे, तें सांग म्हणजे सुटशील, असा निरोप येतो; तो सांगत नाहीं, आणि कड्यासह पाताळांत गडप होतो. पुढील नाटक, ज्यांत त्याची सुटका होती, तें त्रुटित अंशांपलीकडे आपल्यापर्यंत पोंचलें नाहीं.

प्लेटोनें 'प्रोटॅगोरस' संवादांत हीच नांवें निराळ्या हेतूनें वापरलीं. प्राण्यांना शक्ति वांटण्याचें काम एपिमीथियसनें आपल्याकडे घेतलें. कोणाला पंख, कोणाला नखें, कोणाला लोंकर. आणि सर्व संपल्यावर पाहतो तों मनुष्य उघडा उभा. तेव्हां प्रोमीथियसनें अग्नि आणि कलाकौशल्य चोरून दिलें. पण तेवढ्यानें भागलें नाहीं. माणसें एकत्र येत आणि एकमेकांचा घात करीत. शेवटीं झ्यूसला लज्जा आणि न्याय हीं दोन पाठवावीं लागलीं. अग्नि चोरून मिळतो, नीति चोरून मिळत नाहीं, हा येथला बोध आहे. अथेन्समध्यें अकादमींतील प्रोमीथियसच्या वेदीपासून नगरापर्यंत पेटत्या मशाली घेऊन धांवण्याची शर्यत होत असे. ज्याची मशाल विझे तो हरे. वेग हवा, पण ज्योतीला जपून. या शर्यतीच्या नियमांतहि प्रोमीथियसचें नांव वाचतां येतें.

अर्वाचीन युरोपीय कवींनीं मात्र नांवाचा हा अर्थ बहुतांशीं सोडून दिला. गटेची 'प्रोमीथियस' ही कविता १७८५ मध्यें प्रसिद्ध झाली. तिच्यांत मातीचीं माणसें घडवीत देवाला तुच्छ लेखणारा एक तरुण निर्माता आहे. शेलीच्या १८२० च्या नाटकांत अत्याचाऱ्याशीं तडजोड नको म्हणून मुद्दाम निराळा शेवट योजिला आहे. त्याचा नायक आपला जुना शाप मागें घेतो आणि क्षमेनें जिंकतो. १८४१ मध्यें मार्क्सनें आपल्या प्रबंधाच्या प्रस्तावनेंत प्रोमीथियसला तत्त्वज्ञानाच्या पंचांगांतला श्रेष्ठ हुतात्मा ठरविलें. या सर्वांची थोरवी मला मान्य आहे, आणि शेलीच्या क्षमाशील नायकांत एक उदात्तता आहे जी ग्रीक नाटकांत नाहीं. पण येथें निर्माता आहे, बंडखोर आहे, क्षमावंत आहे. पूर्वविचार करणारा कोठें आहे? नांव राहिलें, निरुक्ति गेली. बंड करण्यास दूरदृष्टि लागतेच असें नाहीं. कित्येकदां ती नसली तर बंड सोपें जातें.

ही उणीव त्याच काळांत एका तरुण लेखिकेच्या लक्षांत आली असावी. मेरी शेलीनें १८१८ मध्यें 'फ्रँकेन्स्टाइन' ही कादंबरी प्रसिद्ध केली आणि तिला 'अर्वाचीन प्रोमीथियस' असें उपनाम दिलें. तिचा नायक मनुष्य घडवितो, पण घडविल्यावर काय होईल याचा विचार त्याला सुचतो तो तें प्रेत डोळे उघडल्यावर. नांव प्रोमीथियसचें, करणी एपिमीथियसची. आणि त्या उपनामांतील सारा उपरोध, लेखिकेच्या मनांत असो वा नसो, या दोन नांवांतच सामावला आहे.

हा उपरोध कादंबरीपुरता राहिला नाहीं. १९४५ मध्यें अमेरिकेंत ओक रिज येथें युरेनियमच्या विघटनांतून निघालेल्या द्रव्यांत एकसष्टावें मूलद्रव्य सांपडलें. शोधकांपैकीं एकाच्या पत्नीनें सुचविल्यावरून त्याचें नांव 'प्रोमीथियम' ठेवण्यांत आलें. त्याच वर्षीं त्याच विद्येनें हिरोशिमा जाळलें होतें. नवा अग्नि कोणीं तरी खालीं आणला होता, आणि त्याला जुन्या अग्निहर्त्याचें नांव देणें स्वाभाविक होतें. त्या नांवाचा मूळ धातु चोरीचा कीं शिकण्याचा, हा वाद भाषाशास्त्री आणखी कांहीं काळ घालोत. त्यांत त्यांना यश चिंतावें. अग्नि वापरणाऱ्यांना मात्र निरुक्तीकडेच पाहावें लागेल. दोन भावांपैकीं कोणाचें नांव आपल्याला शोभतें, हें ठरविणारा धातुपाठ कोणत्याहि व्याकरणांत नाहीं.